ट्यूब देण्याआधी एकदा विचारा: मुंबईतल्या मेडिकलवाल्यांना खुलं पत्र

मुंबईतल्या सर्व मेडिकल दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची नऊ त्वचाविभागाच्या ओपीडीत. राहते भांडुपला. दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी तुमच्यापैकी कुणाच्या तरी काउंटरसमोर उभी असते आणि उभी असताना कान उघडे ठेवते. ही खोड नोकरीची, आता जायची नाही.

जूनअखेरची गोष्ट. बाहेर धो-धो पाऊस. माझ्या पुढे विशी-बाविशीतला एक मुलगा उभा, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग, रेनकोटातून पाणी गळतंय. हळूच म्हणाला, “ती खाजेची ट्यूब द्या.” काउंटरवरच्या पोऱ्याने मोबाइलवरची नजर न काढता मागे हात घातला. “दोन देऊ? स्कीम आहे.” दोन दिल्या. चिठ्ठी नाही, बिल नाही, कुठे खाजतंय म्हणून विचारणं नाही. अर्ध्या मिनिटात मामला आटोपला.

ट्यूब कुठली ते मी वाचलं. ब्रँडचं सोडा, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमधलं सगळ्यात जहाल. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्यात पदविका-पदवी घेतलेली आहे. पण काउंटरवर बहुतेक वेळा तुम्ही नसता, तो पोऱ्या असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि जमलं तर त्याला वाचून दाखवण्यासाठी.

आमच्या ओपीडीत पावसाळा कॅलेंडर न बघता कळायचा. केस पेपरवर ‘टिनिया’ हा शब्द एवढ्या वेळा लिहिला जायचा की डॉक्टर शेवटी नुसता ‘टी’ काढायचे. टिनिया म्हणजे आपलं गजकर्ण, नायटा. दमट हवा, लोकलची गर्दी, दोरीवर न वाळलेली जीन्स तशीच चढवून कामाला जाणं, दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणांत दोन टॉवेल. बुरशीला आणखी काय हवं? पण साधं गजकर्ण ओळखायला सोपं असतं. गोल चट्टा, कडेला लाल उंचवटा, मधे साफ. कडेवरून ब्लेडने कोंडा खरवडायचा, काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. नऊ वर्षांत हे काम मी किती वेळा केलं असेल, गणती नाही.

मग हळूहळू असे रुग्ण यायला लागले ज्यांच्या चट्ट्याला कडच नसायची. पसरट, तपकिरी, जांघेपासून मांडीपर्यंत, पाठीवर, काखेत, गालावरसुद्धा. काहींत चट्ट्यात चट्टा, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशी एकात एक वर्तुळं. डॉक्टर विचारायचे, “काय लावलंस?” उत्तर ठरलेलं. “काही नाही, मेडिकलमधून आणलं होतं.” मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळी झालेली ट्यूब बाहेर यायची. कुणाची तिसरी, कुणाची विसावी. एक रिक्षावाले काका तर म्हणाले, “मोजत नाही सिस्टर, दुधासारखी लावतो.”

यात फसवणूक अशी की ट्यूब लावल्यावर खरोखर बरं वाटतं. संध्याकाळी लावली तर सकाळपर्यंत खाज थांबते, लाली उतरते. पण खाज आणि लाली म्हणजे बुरशी नव्हे. बुरशीशी शरीर भांडतंय त्याची ती खूण. स्टिरॉइड त्या भांडणाऱ्यालाच गप्प बसवतं. घरात चोर शिरलाय, कुत्रा भुंकतोय आणि आपण कुत्र्याचं तोंड बांधून निवांत झोपतो, असला हा प्रकार. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध आहे हे खरं, पण ते आठवडेच्या आठवडे नेमाने लावावं लागतं. माणूस खाज थांबली की चौथ्या दिवशी थांबतो. पंधरवड्यात चट्टा परत, दुप्पट. परत तुमचं दुकान.

जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये या बुरशीच्या एका चिवट जातीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. नावातला ‘इंडो’ आपलाच. जगाला आपण शून्य दिलं म्हणतात, त्याच यादीत आता हेही. या बुरशीच्या फैलावामागे भारतात सर्रास मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमं हे एक कारण आहे, असं अनेक त्वचातज्ज्ञ सांगत आलेत.

बुरशी निदान औषधाने कधीतरी जाते. कातडीचं तसं नसतं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आठवतो, कॉलेजचा, आईबरोबर आलेला आणि आईला बाहेर थांबवून आत आलेला. दोन्ही जांघांत बोटाएवढे रुंद, जांभळट, खोलगट पट्टे. बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे, पण त्याहून भयंकर. वर्षभर ट्यूब लावली होती. कातडी कागदासारखी पातळ होऊन आतून फाटलेली. त्याने एकच विचारलं, “हे जाईल ना?” डॉक्टर केस पेपरवर लिहीत राहिले. उत्तर मलाच द्यावं लागलं. पट्टे पुढे पांढुरके पडतात, पण जात नाहीत.

चेहऱ्याचं तर बोलायलाच नको. वांग घालवण्यासाठी एक तिहेरी क्रीम असतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. डॉक्टरांच्या नजरेखाली, काही आठवड्यांसाठी, त्याचा उपयोग आहे. आपल्याकडे ते ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून लग्नसराईत जातं. पार्लरवाली सांगते, मैत्रीण सांगते, तुम्ही देता. पहिला महिना चेहरा उजळतो. पुढे पुटकुळ्या, गालावर लाल केशवाहिन्यांची जाळी, हनुवटीवर लव. घाबरून बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून ती मुलगी पुन्हा तीच ट्यूब मागते. तुम्हाला वाटतं गिऱ्हाईक पक्कं झालं.

इथे कुणीतरी म्हणेल, मग ही औषधं बंदच का नाही करत? म्हणूनच हे पत्र जरा लांबतंय. कारण माझी तक्रार स्टिरॉइडबद्दल नाहीच. (आणि जिमवाले जी घेतात ती स्टिरॉइडं वेगळी, तो विषय निराळा.) लेबर वॉर्डात होते तेव्हा दिवस भरायच्या आधी कळा सुरू झालेल्या बाईला बारा-बारा तासांनी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चार इंजेक्शनं द्यायचो. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये हा उपाय दाखवून दिला, आणि त्या इंजेक्शनांमुळे श्वास घेऊ शकलेली मुलं आज तुमच्या दुकानात स्वतःच्या पोरांसाठी डायपर घ्यायला येत असतील. अंगभर फोड येणारा पेम्फिगस, मुलांचं अंग सुजवणारा नेफ्रॉटिक सिंड्रोम, कुष्ठरोगातली रिॲक्शन, बदललेलं मूत्रपिंड टिकवणं, यांतलं काहीच या औषधावाचून चालत नाही. एक्झिमालाही स्टिरॉइड मलमच लागतं. फक्त योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस.

हे औषध पहिल्यापासूनच असं दोन तोंडांचं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये सांधेवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालंसुद्धा. पण मोठ्या मात्रेचे चटके तोवर दिसायला लागले होते: चंद्रासारखा गोल चेहरा, चढलेली साखर, ठिसूळ हाडं. चमत्कार आणि किंमत एकाच पाकिटात.

ती किंमत आपण मुंबईकरांनी चांगलीच मोजलीय. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. ऑक्सिजन लागणाऱ्यांनाही फायदा. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला मात्र काही नाही. हे शेवटचं वाक्य व्हॉट्सॲपवर आलंच नाही. दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून लोक डेक्सा आणि मेड्रॉल (तेही स्टिरॉइडच) खात होते, फॉरवर्ड झालेली चिठ्ठी दाखवून, तुमच्याकडून घेऊन. मग त्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली. मधुमेह आणि स्टिरॉइड ही तिची आवडती जोडी. डोळे गेले, जबडे काढावे लागले, महाराष्ट्र सगळ्यात जास्त होरपळलेल्या राज्यांत होता. पाठोपाठ मुंबईत चाळिशीच्या आतले रुग्ण खुब्याचं हाड सुकल्यामुळे लंगडत यायला लागले.

आता दुसरी बाजू सांगते. इथे तुमच्याइतकीच मीही गुन्हेगार आहे.

माझ्या सासूबाईंना सांधेवात होता. दोन वर्षं त्या प्रेडनिसोलोनवर होत्या, दहा मिलिग्रॅम. डबी मी भरायचे. त्या वर्षी गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. गोळ्या संपत आल्या होत्या, त्या स्वतःच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. तिथल्या गृहस्थांनी काळजीपोटीच म्हटलं असणार, “आजी, हे स्टिरॉइड आहे. इतकी वर्षं कशाला खाता? हाडं पोकळ होतात, किडनी जाते. बंद करा.” आणि वर कसलं तरी तेल दिलं. सासूबाईंनी मला काही सांगितलं नाही. सुनेला उगाच त्रास कशाला! चौथ्या दिवशी आरतीला उभ्या असताना चक्कर येऊन बसल्या. उलट्या. मला वाटलं मोदक बाधले. रात्री बीपी लावलं तर वरचं सत्तर. टॅक्सीत घालून नेलं. तिथल्या रेसिडेंट मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “आजी स्टिरॉइडवर होत्या का? कधी बंद केलं?” हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइडच, आणि सलाइन चढलं, पहाटेपर्यंत आजी चहा मागायला लागल्या.

घरात सिस्टर असून हे झालं. गोळ्यांची डबी तीन दिवस रिकामी होती आणि मी नेवऱ्या वळत होते.

काय झालं ते तुम्ही शिकलेला आहात, पण पोऱ्यासाठी लिहिते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अधिवृक्क. रोज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं स्टिरॉइड शरीर तिथे स्वतःच बनवतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की या ग्रंथी काम सोडून बसतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी चालली असेल आणि एकदम बंद केली, तर त्यांना जाग यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस कोसळतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवायची, तीही डॉक्टरांनी. त्या गृहस्थांनी सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. पण ‘बंद करा’ हे दोन शब्द सांगायचा अधिकार काउंटरला नाही.

तसंच दम्याच्या पंपाचं. आई मुलाला घेऊन येते, चिठ्ठीवर ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप असतो, आणि काउंटरवरून सल्ला मिळतो, “एवढ्यात पंप नका लावू, सवय लागते. सिरप देऊ?” सवय लागत नाही हो! पंपातला एक झुरका शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमचा. प्रेडनिसोलोनची सगळ्यात नेहमीची गोळी पाच मिलिग्रॅम, म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगभर फिरते. पंप थेट फुप्फुसात जातो. पंप टाळलेलं पोर मग पावसाळ्यात कॅज्युअल्टीत येतं आणि तिथे त्याला तीच गोळी, तेच इंजेक्शन, कितीतरी मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. सांगायचंच असेल तर एवढंच सांगा की पंप घेतल्यावर खळखळून चूळ भर, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि तो निळा, तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप: कुणी वर्षात तीन किंवा त्याहून जास्त नेत असेल तर त्याचा दमा हाताबाहेर चाललाय असं समजा. हे डॉक्टरला कळत नाही, कारण तो माणूस डॉक्टरकडे जातच नाही. कळेल तर तुम्हालाच.

म्हणजे बघा. जिथे घाबरायला हवं तिथे अर्ध्या मिनिटात दोन ट्यूब, स्कीमसकट. जिथे धीर द्यायला हवा तिथे ‘बाप रे, स्टिरॉइड!’ काउंटर एकच.

कायद्याचं मी काय सांगू? २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या, कक्षेत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत असली भेळ-क्रीमंही होती. तांबडी रेघ पाकिटावर आहे, इशारा छापलेला आहे. तरी मिळतं, हे तुम्ही आणि मी दोघं जाणतो. बांद्र्याला अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय आहे, तेही जाणत असेल. कागद त्यांच्या जागी राहू दे.

तुमचीही बाजू मला दिसते. मीच नाही दिलं तर शेजारचा देणार. रात्री अकरापर्यंत दुकान, ऑनलाइनवाल्यांची सूट, भाडं. आणि सगळे डॉक्टर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? सर्दीलाही कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून देणारे, ज्यातली एक हमखास डेक्सा असते, असे मी माझ्याच गल्लीत पाहिलेत. सांधेदुखीची ‘जडीबुटी’ची पावडर घेऊन आठ दिवसांत नाचायला लागलेल्या म्हाताऱ्याही पाहिल्यात. त्या जडीबुटीत काय असतं ते प्रयोगशाळेने अनेकदा दाखवलंय. तरी मी तुम्हालाच का लिहितेय? कारण औषध शेवटी तुमच्या हातातून जातं. आणि त्या मुलाशी बोलणारं दुसरं कुणी नसतं.

मागणं फार नाही. चिठ्ठीशिवाय ट्यूब मागितली तर निदान तीन प्रश्न: कुठे, किती दिवस, आधी काय लावलं? जांघ, काख, चेहरा किंवा लहान मूल असेल तर साफ नाही म्हणा. पोऱ्याला ट्यूब उलटी करायला शिकवा. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’ दिसलं की तुम्हाला हाक मारायची, त्याने स्वतः द्यायची नाही. अपवाद असतील, पण हाक मारल्याने कुणाचं बिघडत नाही. नुसतं बुरशीचं साधं मलम देता येतं, त्यात स्टिरॉइड नसतं, आणि खाज गेली तरी लावत राहा हे सांगायला पैसे पडत नाहीत. टॉवेल वेगळा, कपडे उलटे करून उन्हात, ऊन नसेल तर इस्त्री. प्रेडनिसोलोनच्या चिठ्ठीवर ‘सकाळी, नाश्त्यानंतर’ असं पेनाने मोठं लिहा, रात्री घेतली की झोप उडते. आणि ती गोळी तुमच्याकडे संपली असेल तर ‘उद्या या’ म्हणू नका. शेजारच्या दुकानाला फोन लावा.

आपली,
भांडुपची एक निवृत्त सिस्टर

ता. क. त्या रेनकोटवाल्या मुलाला मी दुकानाबाहेर गाठलं होतं. छत्री त्याच्या डोक्यावर धरून सगळं सांगितलं, ओपीडीचे वार सांगितले. त्याने नीट ऐकलं. मग विचारलं, “तिकडे किती वेळ लागतो, मावशी?” मी खरं ते सांगितलं, अर्धा दिवस. तो हसला, ट्यूब बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली, आणि फोनवर पुढची ऑर्डर वाजली.